सहा रविवारांचे शुल्क, पाच रविवारांची निष्ठा

जून-जुलैच्या पावसात दादर पश्चिमेला भरलेल्या एका मराठी अभ्यासवर्गाचे हे परीक्षण आहे. विषय होता 'राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ आणि कायदेमंडळ : निष्ठेचे राजकारण'. शुल्क २,४०० रुपये, सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. छापील पुस्तिका आणि मधल्या वेळचा चहा शुल्कातच. नाव नोंदवताना मी साशंक होतो, कारण अशा वर्गांचा माझा आजवरचा अनुभव असा, की जाहिरातीत घटनाशास्त्र असते आणि प्रत्यक्षात त्या आठवड्यातील अग्रलेखांची उजळणी होते. या वर्गाने ती शंका खोटी ठरवली. व्यवस्थेच्या बाबतीत मात्र बरीच निराशा केली. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांच्या कार्यालयात लेखी दिल्या आहेत आणि त्यांचा निकाल तिथेच लागणे योग्य. ज्यांना अशा वर्गाला जावेसे वाटते, त्यांच्या पदरात काय पडते आणि काय पडत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

वर्ग घेणाऱ्या बाई राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या आणि सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले, त्यांत राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि कायदेमंडळ असे लिहिले आणि एकच प्रश्न विचारला: यांपैकी कोण कोणाला घरी पाठवू शकतो? निष्ठेची चर्चा आपण नेहमी माणसाच्या स्वभावाकडे नेतो. अमुक खाल्ल्या मिठाला जागला, तमुक फिरला, असे म्हणून मोकळे होतो. मॅडमचे म्हणणे असे, की बडतर्फीचे पत्र कोणाच्या सहीने निघते ते आधी पाहावे आणि मग स्वभावाकडे वळावे. अमेरिकेच्या राज्यघटनेत मंत्री नेमण्याची रीत लिहिलेली आहे: राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि सिनेटने, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाने, संमती द्यायची. त्याला काढायचे कोणी, याबद्दल मात्र महाभियोगाचा मार्ग सोडला तर घटना गप्प आहे. १७८९ मध्ये पहिल्याच काँग्रेसपुढे हा प्रश्न आला, सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या निर्णायक मताने काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे राहिला. (इथे काँग्रेस म्हणजे तिथले कायदेमंडळ, हा खुलासा मॅडमना दर रविवारी कोणासाठी ना कोणासाठी करावा लागला.)

त्या मांडणीचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटला. अमेरिकेत मंत्री झालेल्या माणसाला काँग्रेसचा सदस्य राहता येत नाही. सिनेटर मंत्री झाला तर त्याला आपली जागा सोडावी लागते. आपल्याकडे उलट आहे: मंत्री हा सभागृहाचा सदस्य असावा लागतो, नसल्यास सहा महिन्यांत व्हावा लागतो. म्हणजे आपल्या मंत्र्याला पद गेले तरी मतदारसंघ उरतो, तालुक्यात माणसे उरतात आणि सभागृहात बसायला बाक उरतो. तिथल्या मंत्र्याकडे राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीपलीकडे, स्वतःची पूर्वपुण्याई सोडली तर, काहीही नसते. तरीही तिथले मंत्री राष्ट्राध्यक्षाशी का भांडतात, हा प्रश्न मग खरा रंगतो, आणि वर्गाचे पुढचे सगळे रविवार याच प्रश्नाभोवती फिरायला हवे होते. पहिल्या सकाळी शेवटची वीस मिनिटे शपथेच्या मजकुराला दिली होती. वर्गातले निम्मे लोक आसपासचेच, त्यामुळे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर झालेला उद्धव ठाकरे यांचा शपथविधी अनेकांनी गर्दीत उभे राहून ऐकलेला होता; पण त्या शपथेतील 'खरी श्रद्धा व निष्ठा' हे शब्द संविधानाला उद्देशून असतात, पक्षप्रमुखाला किंवा मुख्यमंत्र्याला नव्हे, हे मॅडमनी ओळ वाचून दाखवली तेव्हा सभागृह क्षणभर शांत झाले. अमेरिकेतही मंत्री शपथ घेतो ती राज्यघटनेची; राष्ट्राध्यक्षाचे नाव त्या शपथेत येतच नाही.

दुसरा आणि तिसरा रविवार संपूर्णपणे अँड्र्यू जॉन्सन यांच्या प्रकरणाला दिले होते, आणि शुल्काचे पैसे वसूल झाले ते या दोन सकाळींत. १८६४ मध्ये, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू असताना झालेल्या निवडणुकीत, अब्राहम लिंकन या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने उपाध्यक्षपदासाठी जॉन्सन यांना सोबत घेतले, ते डेमोक्रॅट असूनही; दक्षिणेचे असून संघराज्याची बाजू त्यांनी सोडली नव्हती, ही त्यांची लायकी. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि एका रात्रीत जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. मंत्रिमंडळ लिंकन यांचे, काँग्रेसमध्ये दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत, आणि राष्ट्राध्यक्ष वेगळ्याच मताचा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना कोणते हक्क द्यायचे आणि हरलेल्या दक्षिणेला किती सैल सोडायचे, यावरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांचे बिनसले. दक्षिणेत सैन्य होते आणि सैन्याचे खाते युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्याकडे होते. स्टँटन बसत होते राष्ट्राध्यक्षाच्या बैठकीत आणि त्यांचा ओढा होता काँग्रेसकडे. घरच्याच ओसरीवर दुसऱ्या घराचा माणूस बसलेला असावा, तशी ही स्थिती होती.

काँग्रेसने मार्च १८६७ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार मोडून एक कायदा केला: सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीविना काढता येणार नाही. जॉन्सन यांनी ऑगस्टमध्ये स्टँटन यांना निलंबित केले आणि जनरल ग्रँट यांना तात्पुरते बसवले. जानेवारी १८६८ मध्ये सिनेटने नकार दिला, तेव्हा ग्रँट मुकाट्याने खुर्ची सोडून गेले आणि स्टँटन परतले. २१ फेब्रुवारीला जॉन्सन यांनी त्यांना थेट बडतर्फ केले. स्टँटन यांनी कचेरी सोडलीच नाही. आतून बंदोबस्त करून ते आठवडेच्या आठवडे तिथेच राहिले आणि सिनेटर चार्ल्स समनर यांनी त्यांना एकाच शब्दाचा निरोप धाडला, ज्याचा अर्थ 'चिकटून राहा' असा होतो. खुर्चीला चिकटणे हा वाक्प्रचार आपण शिवीसारखा वापरतो; इथे त्याचाच उपदेश एक सिनेटर तत्त्व म्हणून करत होता, यावर वर्गात बराच हशा पिकला. तीन दिवसांनी प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, १२६ विरुद्ध ४७ मतांनी राष्ट्राध्यक्षावर महाभियोग मंजूर केला.

तिसऱ्या रविवारी सिनेटमधील खटला आम्हीच चालवला. त्या वेळी सिनेटर ५४ होते आणि योगायोगाने आम्ही उपस्थित २७ होतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोन चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीवर सिनेटरचे नाव, राज्य, पक्ष आणि त्याच्या परिस्थितीविषयी तीन-चार ओळी होत्या. दोषी ठरवायला दोन-तृतीयांश, म्हणजे ३६ मते हवी होती. प्रत्यक्ष इतिहासात १६ मे १८६८ रोजी ३५ विरुद्ध १९ असे मतदान झाले आणि जॉन्सन एका मताने वाचले, कारण सात रिपब्लिकन सिनेटर पक्षाला सोडून गेले. त्यांपैकी आयोवाच्या ग्राइम्स यांना काही दिवसांपूर्वीच पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यांना उचलून सभागृहात आणावे लागले होते. चिठ्ठ्यांबद्दल माझा एक आक्षेप आहे: इतर सत्तेचाळीस चिठ्ठ्यांवर त्या माणसाचा कल इतका स्पष्ट लिहिला होता की मत देणाऱ्याला विचार करायला जागाच नव्हती. या सात जणांच्या चिठ्ठ्या मात्र मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि सगळी गंमत तिथेच घडली.

ओहायोचे बेंजामिन वेड यांची चिठ्ठी विधी महाविद्यालयातील एका मुलीला मिळाली होती. वेड हे सिनेटचे हंगामी अध्यक्ष होते आणि उपाध्यक्षपद रिकामे असल्याने, जॉन्सन गेले असते तर राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडेच जाणार होते. प्रत्यक्षात त्यांनी दोषी असे मत दिले. या मुलीने उभे राहून सांगितले, की ज्याला त्या खुर्चीवर बसायचे आहे त्याने तिच्याविषयी मत देणे मला मान्य नाही, आणि वेड यांच्या नावाने ती सभागृहाबाहेर जाऊन उभी राहिली. उरले ५३, त्यांचे दोन-तृतीयांशही ३६ च. दुसरीकडे कॅन्ससचे एडमंड रॉस आणि मिसुरीचे जॉन हेंडरसन या दोघांच्या चिठ्ठ्या एकाच गृहस्थांकडे आल्या होत्या. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि पंचवीस वर्षे कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी राहिलेले. त्यांनी दोन्ही मते दोषी म्हणून दिली. कारण विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, संघटनेने ठरवल्यावर बाहेर मत देणारा माणूस दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणाशेजारी बसणार?' निकाल ३६ विरुद्ध १७. आमच्या दादरच्या सिनेटने जॉन्सन यांना घरी पाठवले.

यानंतरचा अर्धा तास हा मी अलीकडच्या काळात ऐकलेल्या सर्वांत सकस चर्चांपैकी एक होता. काकांच्या उत्तरावर कोणी हसले नाही, कारण ज्याने संप पाहिला आहे त्याला ते उत्तर कळते. मॅडमनी त्यांना खोडून काढले नाही. उलट, रॉस यांची जी वीरप्रतिमा पुस्तिकेने रंगवली होती तिच्यावर स्वतःच प्रश्नचिन्ह लावले. मतदानानंतर रॉस यांनी जॉन्सन यांच्याकडे आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी शब्द टाकला होता, आणि लाचेचे आरोप तर त्या वेळीच झाले होते. ते पुन्हा कधी सिनेटवर निवडून आले नाहीत. मग पक्षाबाहेर गेलेले मत विवेकाचे की सौद्याचे, आणि पक्षात राहिलेले मत निष्ठेचे की भीतीचे, हे निकालाच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. शिवाय ज्या कायद्यावर सगळे आरोपपत्र उभे होते, त्यातच एक फट होती: मंत्र्याला संरक्षण होते ते त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळापुरते आणि वर एक महिना, आणि स्टँटन यांना नेमले होते लिंकन यांनी. विधी महाविद्यालयातील मुलीने ही फट आधीच हेरली होती. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला आणि १९२६ च्या मायर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्यच होता असे म्हटले. या दोन सकाळींसाठी मी कोणालाही या वर्गाची शिफारस करेन.

आता पुस्तिकेकडे वळतो. ती ६४ पानांची आहे, कागद चांगला आहे, अक्षर मोठे आहे आणि भाषांतर घाईचे आहे. अमेरिकेतील मंत्र्याच्या पदनामाचे सर्वत्र 'सचिव' असे भाषांतर केले आहे. स्टँटन युद्धसचिव आहेत आणि एका ठिकाणी परराष्ट्रमंत्री चक्क 'राज्य सचिव' झाले आहेत. मुंबईत सचिव म्हटले की डोळ्यांसमोर मंत्रालयातील सनदी अधिकारी येतो, सरकारे येतात-जातात पण तो राहतो. त्यामुळे पहिल्या रविवारी दोन-तीन जणांचा समज असा झाला की जॉन्सन यांनी एका अधिकाऱ्याची बदली केली आणि त्यावरून एवढा गहजब झाला. चूक आहेच, तरीही मला गंमत वाटली ती अशी, की अमेरिकेचा मंत्री निवडून आलेला नसतो, सभागृहात बसत नाही आणि नेमणाऱ्याच्या मर्जीवर असतो, म्हणजे आपल्या मंत्र्यापेक्षा तो काही अंशी त्या सचिवाच्याच जवळचा आहे. पुस्तिकेच्या संपादकाला हे सुचले असते तर चुकीची एक उत्तम तळटीप झाली असती. दुसरी चूक माफ करण्याजोगी नाही: पान ३१ वर 'जॉन्सन यांच्यावरील महाभियोग फेटाळला गेला' असे छापले आहे. महाभियोग मंजूर झाला होता; फेटाळली गेली ती दोषसिद्धी. प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवणे आणि सिनेटने निवाडा करणे या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, हे समजून घ्यायलाच तर लोक पैसे भरून आले होते.

चौथा रविवार झालाच नाही. रात्रभर पाऊस होता, हे मान्य. पण वर्ग रद्द झाल्याचा व्हॉट्सॲप निरोप सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आला, तेव्हा डोंबिवलीहून येणारे दोघे मेगाब्लॉकचा हिशेब करून आठच्या गाडीने निघून दादरला पोहोचलेलेही होते आणि पुलाखाली उभे राहून वडापाव खात होते. बुडालेला वर्ग वेगळा घेतला गेला नाही. चौथ्या आणि पाचव्या रविवारचा मजकूर एकाच सकाळी कोंबला गेला आणि पैशांबाबत कोणी चकार शब्द काढला नाही.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो १९७३ च्या प्रकरणाला. २० ऑक्टोबर १९७३, शनिवारची रात्र: वॉटरगेट प्रकरणाचा (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे मंत्री, एलियट रिचर्डसन यांना दिला. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकेल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडले. अखेर तिसऱ्या क्रमांकावरील रॉबर्ट बोर्क यांनी आदेश पाळला. मॅडमच्या पहिल्या दिवशीच्या सिद्धान्ताला खरे आव्हान इथे आहे. रिचर्डसन यांना काढण्याचा अधिकार निक्सन यांचाच होता, त्यांच्यापाशी मतदारसंघ नव्हता, बाक नव्हता, काहीही नव्हते. पण नेमणुकीच्या वेळी, गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय विशेष अभियोक्त्याला हात लावणार नाही, असा शब्द त्यांनी सिनेटला दिला होता. बडतर्फीचे पत्र एकाच्या सहीने निघते आणि वचन दुसऱ्याला दिलेले असते, अशा वेळी निष्ठा कुठे जाते? हा प्रश्न मी विचारला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले आणि 'याच्यावर एक पूर्ण सकाळ हवी होती' असे म्हणून त्या पुढे गेल्या. ती पूर्ण सकाळ वेळापत्रकात होती. ७ ऑगस्ट १९७४ रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे निक्सन यांच्याच पक्षाचे तीन नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन, सिनेटमध्ये तुमच्या बाजूने पुरेशी मते उरलेली नाहीत हे त्यांना सांगून आले आणि ९ तारखेला निक्सन यांनी पद सोडले, एवढे दोन वाक्यांत आटोपले.

त्याच सकाळी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १९३८ चे साल येऊन गेले. आपल्याच पक्षाचे जे सिनेटर आडवे येतात त्यांना पक्षांतर्गत निवडणुकीत पाडायचे, असे त्यांनी ठरवले. जॉर्जियाचे वॉल्टर जॉर्ज, मेरीलँडचे मिलर्ड टायडिंग्ज आणि दक्षिण कॅरोलिनाचे एलिसन स्मिथ, तिघेही निवडून आले. त्याला लागूनच २०२१ ठेवले होते, आणि ही जोडणी हुशारीची होती. १३ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील दुसऱ्या महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी मत दिले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीनंतर त्यांतले दोनच सभागृहात उरले. चौघे पक्षांतर्गत निवडणुकीत पडले, त्यांत लिझ चेनी होत्या. चौघे उभेच राहिले नाहीत. सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ असे मतदान झाले आणि दोषी ठरवणारे रिपब्लिकन पुन्हा सातच, जॉन्सन यांच्या वेळेसारखे, फक्त दिशा उलटी. उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत मिळून राष्ट्राध्यक्षाला बाजूला करू शकते, अशी तरतूद १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीत आहे. तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी ती वापरायला १२ जानेवारीच्या पत्राने नकार दिला आणि आजवर ती कोणीही वापरलेली नाही. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध नेमलेल्यांनी सही करायची, ही तरतूद कागदावरच का राहते, याचे उत्तर मॅडमच्या तीन चौकोनांत होते.

दक्षिण कोरियाला मिळालेला पाऊण तास मात्र नेटका होता. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी मार्शल लॉ पुकारला. मध्यरात्रीनंतर १९० सदस्य संसदेत पोहोचले आणि त्या सर्वांनी, त्यांत सत्ताधारी पक्षाचे अठरा जण धरून, तो उठवण्याच्या बाजूने मत दिले. ७ तारखेला महाभियोगाच्या वेळी सत्ताधारी पक्षाचे बहुतेक सदस्य उठून गेले आणि ठराव गणसंख्येअभावी पडला. १४ तारखेला ३०० पैकी २०४ मतांनी तो मंजूर झाला. मतदान गुप्त होते. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने एकमताने युन यांना पदावरून दूर केले. 'गुप्त' या शब्दावर बँकेतील काकांनी मान हलवली. त्यांच्या दोन चिठ्ठ्या उघड मतदानाच्या होत्या, हे त्यांना बहुधा तेव्हा आठवले असावे.

शेवटचा रविवार 'आपल्याकडे' या शीर्षकाचा होता, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार याच सकाळीविषयी आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, जिच्यात काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्याऐवजी इंदिरा गांधींनी विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. १९८६ चे टपाल विधेयक, ज्यावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. हे सगळे तासभर चांगले रंगले. मग संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराची जागा जाऊ लागली. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांशांच्या फुटीची पळवाट बंद झाली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली; आपल्या २८८ च्या विधानसभेला ती ४३ होते. निष्ठेची किंमत मंत्रिपदांत मोजली जाते, हे जणू घटनेनेच ओळखून मापावर टाच आणली. अमेरिकेतील सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले तर कायदा त्याला काही करत नाही, जे करायचे ते पक्षाचे मतदार करतात; आपल्याकडे एकटा फिरला तर कायदा पकडतो आणि दोन-तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर सोडतो. वर्ग इथवर आला आणि सभागृहाने श्वास रोखला, कारण पुढचे साल २०२२ होते.

त्या सालाला पंधरा मिनिटे मिळाली. सुरुवातीलाच संस्थेच्या प्रतिनिधीने उभे राहून 'कृपया पक्षीय प्रश्न नकोत' असे सांगितले. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांचा राजीनामा, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांचा शपथविधी, ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १० जानेवारी २०२४ चा विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय, ज्यात शिवसेनेच्या दोन्ही गटांतील कोणीच अपात्र ठरले नाही. हे तारखांसकट पडद्यावर दिसले आणि गेले. ज्या एका मुद्द्यासाठी हा अख्खा वर्ग घडवला गेला असावा असे मला वाटत होते, तो न्यायालयाच्याच निकालात आहे: प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षादेश काढणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. म्हणजे आमदाराने कोणाचा आदेश पाळायचा, निवडून आलेल्या सहकाऱ्यांचा की सभागृहाबाहेरच्या संघटनेचा, या प्रश्नाचे न्यायालयाने उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर बँकेतील काकांच्या कँटीनपासून फार लांब नाही. यावर बोलायला कोणत्याही पक्षाचा झेंडा हातात घ्यावा लागत नाही. जॉन्सन यांना दोन सकाळी देणाऱ्या वर्गाला मंत्रालयापासून दहा किलोमीटरवर पंधरा मिनिटांत हात झटकावे लागावेत, हे मला खटकले. दारात चपला घालताना लोक खोके आणि गद्दार या शब्दांत तेच बोलत होते. आत ते थोड्या बऱ्या शब्दांत बोलता आले असते.

सभागृहाविषयी थोडक्यात: उद्वाहन नाही, दोन मजले चढावे लागतात, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, ध्वनिक्षेपक मागच्या तीन रांगांना घुमतो, वातानुकूलन पावसाळ्यात नको इतके थंड असते. चहा उत्तम आणि वेळेवर. वर्ग दहाला म्हणजे दहालाच सुरू होतो. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची वेळ पाहून ठेवावी, कारण पहिली पंधरा मिनिटे चुकली तर फळ्यावरचे चौकोन नंतर कळत नाहीत.

पाच पैकी साडेतीन तारे. मॅडमना पाच, पुस्तिकेला दोन, व्यवस्थेला दोन. पुस्तिकेतील चौदा दुरुस्त्यांची यादी मी कार्यालयात दिली आहे आणि बुडालेल्या रविवारचे ४०० रुपये मागितले आहेत. रोख परत मिळणार नाहीत, दिवाळीनंतरच्या तुकडीत एक सकाळ बसायला द्या असे सुचवले, त्यावर 'बघतो' असे उत्तर मिळाले. सकाळ कोणती ते मी अर्जातच लिहून दिले आहे: रिचर्डसन यांची.